‘नाही’चा पत्ता

आपल्या भाषेला ‘नाही’ म्हणण्याचा मोठा संकोच आहे. करंड्यातले कुंकू संपले तर ते संपले असे म्हणायचे नाही, ‘वाढले’ म्हणायचे. बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवतात’. नारळही फोडायचा नाही, वाढवायचा. पाहुणा उठला की ‘येतो’ असे म्हणतो आणि जातो. वर्गात न आलेल्या मुलाच्या नावाला त्याचा मित्र जेव्हा मागच्या बाकावरून ‘हजर’ म्हणून ओ देतो, तेव्हा तोही या थोर परंपरेचाच पाईक असावा असे मला कधीकधी वाटते.

माणसामाणसांत हे चालून जाते, कारण ऐकणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. कुंकू वाढले म्हटल्यावर कोणी दुसरा करंडा घेऊन धावत नाही. पण ज्याला आपल्या चालीरीती ठाऊक नाहीत, शब्दाचा अर्थ शब्दापलीकडे जाऊन लावायचा असतो हे ज्याला कोणी शिकवलेले नाही, अशा वाचकापुढे ‘नाही’ कसे मांडायचे? हा प्रश्न मला वीस वर्षे मराठी शिकवताना पडला नव्हता. तो माझ्यापुढे आणून ठेवला तो माझ्या भाचीने.

भाची पुण्याला हिंजवडीच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. दसऱ्याला ती आमच्याकडे आली, ती संगणक काखोटीला मारूनच. रात्री जेवणे झाली तरी ती पडद्याकडे टक लावून बसलेली. मी सहज विचारले, “काय गं, काय झालं एवढं?”

“काही नाही मामा. नल पॉइंटर आलाय.”

वाङ्मयाच्या माणसाला ‘नल’ म्हटल्यावर दमयंती आठवणारच. मी राजहंसाची चौकशी करणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, “नळाला काय झालं? आत्ता तर पाणी होतं!”

“मामी, नळ नाही गं, नल. नल म्हणजे काही नाही.”

“काही नाही, तर मग जागतेस कशाला?”

हा प्रश्न विनोदाने विचारला गेला खरा, पण त्या रात्री भाचीने मला जे समजावून सांगितले आणि पुढे काही महिने मी तिच्याकडून आणि पुस्तकांतून जे वेचले, ते सारे याच प्रश्नाचे उत्तर होते. ‘काही नाही’ ही गोष्ट माणसाला रात्र रात्र का जागवते?

संगणकाची स्मृती म्हणजे एक अफाट चाळ आहे अशी कल्पना करा. एकामागून एक खोल्या, प्रत्येकीला क्रमांक. प्रत्येक खोलीत काहीतरी ठेवलेले : कुठे एखाद्याचे नाव, कुठे बँकेतली शिल्लक, कुठे रेल्वेच्या तिकिटाचा तपशील. आता दर वेळी सगळे सामान उचलून इकडून तिकडे नेण्यापेक्षा खोलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पुढे करणे सोपे. ही चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. “अमुक खोलीत जा आणि जे असेल ते आण,” एवढेच ती सांगते.

पण चिठ्ठी तर हातात आहे आणि तिच्यावर लिहायला खोलीच नाही, असेही होते. गिऱ्हाइकाने अजून पत्ता दिलेला नसतो, यादी संपलेली असते, शोधलेला माणूस सापडलेला नसतो. अशा वेळी चिठ्ठीवर एक ठरावीक खूण करतात. बहुतेक यंत्रांत ती खूण म्हणजे शून्य. ही ‘नल’. चाळीचा मालक, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, शून्य क्रमांकाच्या आसपास सहसा कोणाला बिऱ्हाड करू देत नाही. तो भागच बंद. जो प्रोग्रॅम ती चिठ्ठी न वाचता घेऊन निघतो आणि शून्याचे दार ढकलतो, त्याला मालक तिथल्या तिथे चाळीबाहेर काढतो. पडद्यावरचा खेळ मध्येच बंद पडतो तो असा. ‘नाही’चा पत्ता घेऊन कोणी घर शोधायला निघाले, एवढाच त्याचा अर्थ.

ही खूण भाषेत आणली ती टोनी होअर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने. त्याचे चरित्र वाचताना मला सुखद धक्का बसला. जन्म १९३४ सालचा, कोलंबोचा. ऑक्सफर्डला त्याने शिकले काय, तर लॅटिन, ग्रीक आणि तत्त्वज्ञान. पुढे आरमारातल्या सक्तीच्या नोकरीत तो रशियन शिकला, मॉस्कोच्या विद्यापीठात गेला आणि तिथे यंत्राकडून भाषांतर कसे करून घ्यावे या विचाराला लागला. रशियन वाक्यातले शब्द कोशात शोधायचे तर आधी ते वर्णानुक्रमे लावून घेतले पाहिजेत, म्हणून त्याने ते झटपट लावण्याची जी युक्ती काढली, ती ‘क्विकसॉर्ट’ आज जगभर शिकवतात. तेव्हा हा मनुष्य मुळात आमच्या बिरादरीतला, भाषेचा. भाषेच्या माणसाने यंत्राला ‘नाही’ हा शब्द शिकवावा, हे मला फार योग्य वाटले.

फक्त त्याला स्वतःला ते योग्य वाटले नाही. १९६५ साली तो निकलाउस वीर्त याच्यासह ‘अल्गॉल डब्ल्यू’ नावाची प्रोग्रॅमची भाषा रचत होता. चिठ्ठी वापरताना चूक होऊच नये, सारी तपासणी भाषेनेच आपोआप करावी, हा त्याचा संकल्प. पण चिठ्ठीला ‘नाही’ ही खूण ठेवणे इतके सोपे होते, की तो मोह त्याला आवरला नाही. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्याने हे सगळे जाहीरपणे सांगितले आणि या खुणेला स्वतःची शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. चाळीस वर्षांत तिने जगाचे तेवढे नुकसान नक्कीच केले असेल, असा त्याचा अंदाज. इतका मोठा माणूस इतक्या मोकळेपणाने बोलतो हे पाहून मी भाचीला म्हटले, “आमच्याकडे साध्या शुद्धिपत्रालासुद्धा संपादक तयार होत नाहीत!”

परंतु खरा दोष त्या खुणेचा की ती वाचणाऱ्याचा? इथे आपल्या गोष्टीत दुसरे पात्र येते : कम्पायलर.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. तो यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा जो प्रोग्रॅम, त्याचे नाव कम्पायलर. ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीने १९५२ साली आपल्या अशा पहिल्या प्रोग्रॅमसाठी हा शब्द योजला, कारण तो आधीच तयार असलेले तुकडे वेचून एकत्र आणत असे. आपण कवितांचे संकलन करतो तसे. आज तो संकलकापेक्षा पुष्कळ अधिक काही करतो. तो शब्द न् शब्द वाचतो, व्याकरण तपासतो, फापटपसारा छाटतो आणि मग उतरवतो. म्हणजे वाचक, व्याकरणकार, संपादक आणि भाषांतरकार अशा चारही गाद्या एकाच्याच बुडाखाली.

मात्र हे ध्यानात घ्या, की कम्पायलर वाचतो ती संहिता. प्रयोग नंतर व्हायचा असतो. नाटकाची वही वाचताना तालीममास्तरांना कळते, की तिसऱ्या अंकात नायक तलवार उपसतो. प्रयोगाच्या रात्री म्यानात तलवार असेल की नाही हे त्यांना वहीवरून कसे कळावे? चिठ्ठीवर खोलीचा क्रमांक येणार की शून्य, हे अनेकदा प्रयोगाच्या वेळीच ठरते. तेव्हा वाचणाऱ्याने करायचे काय? या एका प्रश्नाला कम्पायलरांच्या निरनिराळ्या घराण्यांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

पहिले घराणे ‘सी’ भाषेचे. ही भाषा डेनिस रिचीने १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवली. तिचा लेखकावर पूर्ण विश्वास. शून्याच्या चिठ्ठीने दार ढकलले तर काय व्हावे, याविषयी तिच्या प्रमाणग्रंथात नियमच नाही. असे करणे म्हणजे ‘अव्याख्यात वर्तन’, आणि त्यानंतर काहीही झाले तरी भाषा जबाबदार नाही. वरवर पाहता हा नुसता हात झटकण्याचा प्रकार वाटतो. पण कम्पायलर त्यातून एक अनुमान काढतो आणि ते अनुमान मला मीमांसकांची आठवण करून देते. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, अर्थात तो रात्री जेवत असला पाहिजे. याला मीमांसेत अर्थापत्ती म्हणतात. कम्पायलरही तसेच म्हणतो : लेखक शहाणा आहे, तो शून्याचे दार ढकलणार नाही. त्याने या चिठ्ठीने दार ढकलले आहे, अर्थात ही चिठ्ठी शून्य नाही.

या अर्थापत्तीने २००९ साली काय केले ते पाहण्यासारखे आहे. लिनक्स या जगभर चालणाऱ्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, जाळ्याशी संबंधित अशा एका भागात, दोन ओळी एकापुढे एक होत्या. पहिली म्हणत होती : या चिठ्ठीवरच्या खोलीतून अमुक वस्तू आण. दुसरी म्हणत होती : चिठ्ठी शून्य असेल तर परत फिर. दोन्ही ओळी व्याकरणशुद्ध. क्रम मात्र उलटा. कम्पायलरने पहिली ओळ वाचली आणि मनाशी म्हटले, वस्तू आणायला सांगितली आहे, तेव्हा खोली आहेच. मग दुसरी ओळ वाचली. खोली आहे हे ठरल्यावर ती नसल्यास काय करावे, याची चौकशी कशाला? चांगल्या संपादकाप्रमाणे त्याने ती ओळ पुनरुक्ती समजून छाटून टाकली.

एरवी पहिल्याच ओळीत सगळे कोसळले असते आणि निदान गोष्ट तिथे थांबली असती. पण शून्य क्रमांकाच्या खोलीत कोणी आधीच गुपचूप बिऱ्हाड थाटून बसले असेल तर? त्या वर्षी जुलैमध्ये एका सुरक्षातज्ज्ञाने नेमके हेच करून दाखवले. शून्याच्या जागी आपले सामान मांडून ठेवले. पहिली ओळ तिथे गेली, तिला वस्तू मिळाली. पहारा करणारी दुसरी ओळ तर छाटलेलीच होती. आणि साध्या वापरकर्त्याच्या हाती सगळ्या चाळीच्या किल्ल्या आल्या. पुढे त्या दोन ओळींचा क्रम सुधारला. शिवाय लिनक्सचा गाभा उतरवताना शून्याच्या चौकशा छाटायच्या नाहीत, अशी कम्पायलरला कायमची ताकीद देण्यात आली.

भाचीने हे सांगितले तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. एक शब्दही चुकीचा नाही, व्याकरणही शुद्ध, वाचणाराही तर्कशुद्ध, आणि तरी अनर्थ! शंका विचारायची होती, पण ती गृहीत धरून झाल्यावर विचारली गेली, एवढेच. आणि गृहीतानंतर आलेली शंका वाचणाऱ्याला ऐकू येत नाही.

दुसरे घराणे ‘जावा’ भाषेचे, १९९५ सालचे. तिने ठरवले, की अव्याख्यात काही ठेवायचे नाही. शून्याचे दार ढकलले तर प्रयोग तिथेच थांबेल, पण नियमाने थांबेल, आणि थांबण्याचे कारण सांगितले जाईल. या थांबण्याला ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ म्हणतात. आमच्याकडे पॉइंटर नाहीत अशी शेखी मिरवणाऱ्या भाषेच्या सर्वात प्रसिद्ध चुकीच्या नावातच पॉइंटर असावा, ही नियतीची थट्टा. पण पुष्कळ वर्षे ते कारण फार मोघम असे : अमुक ओळीत काहीतरी नव्हते. एका ओळीत चार चिठ्ठ्या असल्या तर त्यांतली कोणती कोरी, हे लेखकानेच हुडकायचे. मार्च २०२० मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून जावा ते नावानिशी सांगू शकते. अमुक वस्तू मागता आली नाही, कारण अमुक चिठ्ठी कोरी होती.

हे वाचल्यावर मला नैयायिकांची आठवण झाली. ‘नाही’चा इतका कसून विचार दुसऱ्या कोणी केला असेल असे मला वाटत नाही. वैशेषिकांच्या पदार्थांच्या यादीत पुढे अभाव हा सातवा पदार्थ म्हणून दाखल झाला. नसणे ही देखील एक वस्तू! अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. घडा अजून घडवलेला नाही, तो प्रागभाव. घडा फुटला, तो प्रध्वंसाभाव. कधीच नव्हता आणि असणार नाही, तो अत्यंताभाव. घडा म्हणजे वस्त्र नव्हे, तो अन्योन्याभाव. आणि अभाव कधी मोकळा नसतो. तो नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला प्रतियोगी म्हणायचे. ‘इथे नाही’ म्हणून भागत नाही. काय नाही ते सांगा.

होअरच्या त्या खुणेत नेमका हा प्रतियोगी सांगायचा राहिला होता. कोरी चिठ्ठी गिऱ्हाइकाची असो, पत्त्याची असो की तिकिटाची असो, सगळ्यांचे शून्य एकच. अजून आले नाही की येऊन गेले, की कधी येणारच नव्हते, हेही त्यात कळत नाही. कम्पायलर वाचतो तेव्हा त्याला दिसते ते एवढेच, की ही गिऱ्हाइकाची चिठ्ठी आहे. ती कोरी असू शकेल ही गोष्ट संहितेत कुठे लिहिलेलीच नसते.

ती लिहायला लावणारे तिसरे घराणे अलीकडे नावारूपाला आले आहे. हे विचार अगदी नवे नाहीत, विद्यापीठांतल्या भाषांत ते आधीपासून होते. पण बाजारपेठेत ते आणले २०१४ च्या ‘स्विफ्ट’ने, २०१५ च्या ‘रस्ट’ने, २०१६ च्या ‘कोटलिन’ने. ‘सी शार्प’सारख्या जुन्या भाषेनेही २०१९ मध्ये ही रीत उचलली. रीत अशी : साधी चिठ्ठी लिहिली तर ती कोरी असणारच नाही, असा तिचा करार. कोरी असण्याची शक्यता असेल तर चिठ्ठीचा प्रकारच निराळा, आणि तो लिहिताना सांगायचा. कोटलिन आणि स्विफ्टमध्ये त्यासाठी प्रकाराच्या नावापुढे चक्क प्रश्नचिन्ह काढतात. ‘गिऱ्हाईक’ म्हणजे गिऱ्हाईक आहेच. ‘गिऱ्हाईक?’ म्हणजे असेल किंवा नसेल. आणि हे प्रश्नचिन्ह असलेली चिठ्ठी घेऊन कोणी सरळ दार ढकलू लागला, की कम्पायलर तालमीतच नाटक थांबवतो. म्हणतो, नसेल तेव्हा काय करायचे ते आधी लिहा, मग पुढे जा.

तुम्ही तपासणी लिहिली, की तो तेही लक्षात ठेवतो. ओळ वाचता वाचता प्रत्येक चिठ्ठीविषयी जणू टाचण करत जातो : इथवर ही कोरी असू शकते, इथे चौकशी झाली, या वाटेने गेलो तर आता कोरी नाही, दोन वाटा पुन्हा मिळाल्या, पुन्हा शंका. या टाचणांचे एक स्वतंत्र शास्त्रच आहे आणि त्यावर मुंबईच्या आय.आय.टी.तल्या उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह २००९ साली इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला आहे. मला त्यातली गणिते कळली असे मी म्हणणार नाही. पण एक मराठी माणूस यंत्राला सावधपणे वाचायला कसे शिकवावे यावर ग्रंथ लिहितो, या गोष्टीचा मला एक वाचनशिक्षक म्हणून अभिमान वाटला.

कोटलिनमध्ये आणखी एक गंमत आहे. प्रश्नचिन्हाची कटकट नको असेल तर चिठ्ठीपुढे दोन उद्गारचिन्हे काढायची. त्याचा अर्थ : मी सांगतो ना, आहे म्हणून! कम्पायलर मुकाट्याने बाजूला होतो. चिठ्ठी कोरी निघालीच, तर मग प्रयोगात जे व्हायचे ते होते. उद्गारचिन्हांची उधळण करणाऱ्या नवकवींना मी वर्षानुवर्षे जे सांगत आलो, ते या भाषेने एका नियमात सांगून टाकले आहे.

आता कोणी म्हणेल, की प्राध्यापकमहाशय, हे सगळे यंत्राच्या पोटातले. आम्हाला त्याचे काय? तर १२ जून २०२५ चा दिवस आठवा. त्या दिवशी गूगलची मेघसेवा जगभर कोलमडली आणि तिच्या आधारावर उभ्या असलेल्या कितीतरी कंपन्यांच्या सेवाही बंद पडल्या. गूगलने स्वतःच पुढे कारण प्रसिद्ध केले. मे महिन्याच्या अखेरीस प्रोग्रॅममध्ये एक नवा भाग घातला होता, पण त्या वाटेने तोवर कोणी गेले नव्हते. त्या दिवशी धोरणाची एक नोंद आली, तिच्यातले काही रकाने चुकून कोरे राहिलेले. ती नोंद काही सेकंदांत जगभर पोहोचली. कोऱ्या रकान्याचे काय करायचे हे त्या नव्या भागात लिहिलेले नव्हते. शून्याचे दार ढकलले गेले, आणि सगळीकडे एकदमच. सारे पूर्ववत व्हायला सात तासांहून अधिक लागले. काही कोरे रकाने, बस्स.

पण कोऱ्या रकान्याने मोठ्या कंपन्याच आडव्या होतात असे नाही. आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी एक मुलगी होती. आसपासच्याच एका खेड्यातली. घरी आई आणि ही, दोघीच. जन्मदाखल्यावर आईचे नाव होते, वडिलांचे नव्हते. प्रवेशाचा अर्ज यंत्रावर भरायचा. त्यात ‘वडिलांचे नाव’ असा रकाना आणि त्यापुढे लाल तारा. तारा म्हणजे हा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडणार नाही. बाजारातल्या ज्या दुकानात ती अर्ज भरायला गेली, तिथल्या पोराने हे असे अर्ज रोज पाहिलेले. त्याने तिथे रोमन लिपीत दोन अक्षरे ठोकली : एन आणि ए. ‘लागू नाही’ याचा तो इंग्रजी संक्षेप. पुढचे पान उघडले. काम झाले.

वर्षाअखेर गुणपत्रिका आली. यंत्राने त्या दोन रोमन अक्षरांचे इमानेइतबारे देवनागरीकरण केले होते. तिचे नाव, मग ‘ना’, मग आडनाव. मराठीत ‘ना’ म्हणजे नाही, हे यंत्राच्या गावीही नव्हते. त्याच्या दृष्टीने ‘ना’ हे तिच्या वडिलांचे नाव. शिष्यवृत्तीच्या कागदावर तेच. बँकेच्या खात्यावर मात्र ‘ना’ नव्हता. दोन नावे जुळेनात, म्हणून पैसे अडले. मी तिच्याबरोबर खिडकीवर गेलो होतो. आतल्या गृहस्थांनी कागद उलटसुलट करून मोठ्याने विचारले, “हे ना कोण?” मागे रांग उभी होती. मुलगी काही बोलली नाही. तिची आई पदर सावरून पुढे झाली आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, “कोणी नाही. मीच आहे.”

प्रतिज्ञापत्रे झाली, दाखले झाले, चार महिने गेले. त्या वर्षीचा शिष्यवृत्तीचा हप्ता बुडाला तो बुडालाच. आईने शिलाईयंत्र गहाण ठेवून शुल्क भरले. वास्तविक एकट्या आईने प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला मागितला तर तो द्यावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच दिला होता. न्यायालयाने ‘नाही’ला जागा दिली होती. अर्जाने दिली नव्हती.

त्या खिडकीवरचे गृहस्थ दुष्ट नव्हते. दुकानातला पोरगा तर मदतच करत होता. अर्ज रचणाऱ्यानेही कोणाचे वाईट चिंतले नसणार. ज्याने तारा काढला त्याच्या मनात ‘प्रत्येकाला वडिलांचे नाव असतेच’ हे वाक्य शंकेच्या आधी येऊन बसले होते. पहिल्या ओळीत गृहीत धरले, आणि दुसरी ओळ लिहायचा प्रश्नच उरला नाही. त्या २००९ सालच्या दोन ओळींसारखेच हे. फरक एवढाच, की इथे चाळीबाहेर काढला गेला तो प्रोग्रॅम नव्हता.

मी हे भाचीला सांगितले. तिने विचारले, “मामा, तिथे तारा नको होता, प्रश्नचिन्ह हवं होतं, असंच ना?”

मी म्हटले, “तेवढ्याने काय झालं असतं?”

“अर्ज रचणाऱ्याला पुढे जाता आलं नसतं,” ती म्हणाली. “नाव नसेल तर गुणपत्रिकेवर काय छापायचं, शिष्यवृत्तीच्या कागदावर काय, हे त्याला खुर्चीत बसून ठरवावं लागलं असतं. आता ते त्या बाईला खिडकीवर उभं राहून ठरवावं लागलं.”

सौभाग्यवतींच्या त्या प्रश्नाचे हे उत्तर. ‘काही नाही’साठी कोणीतरी केव्हातरी जागावेच लागते. लिहिणारा जागला नाही, तर ज्याच्यावर वेळ येते तो जागतो. तिसऱ्या घराण्याचा कम्पायलर खुर्चीतल्या माणसाला झोपू देत नाही, एवढेच त्याचे काम. तो ‘नाही’ नाहीसे करत नाही. जगातले ‘नाही’ कोणाला नाहीसे करता आले आहे? तो फक्त त्याची नोंद आधी मागतो.

माझ्या विषयात ही शिस्त फार जुनी आहे. न दिसणे याला पाणिनीने ‘लोप’ असे नाव दिले आणि त्या न दिसण्याचे नियम सांगितले. आम्ही वर्गात विभक्तीचा तक्ता काढतो तेव्हा द्वितीयेपुढे स, ला, ते. तृतीयेपुढे ने, शी. प्रथमेच्या एकवचनाला प्रत्यय नाही. त्या चौकटीत मी एक आडवी रेघ ओढतो. दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच, “सर, काहीच नाही तर रेघ कशाला?” मी त्याला सांगतो, परीक्षेत कळेल.

परीक्षेत उत्तरपत्रिका येतात. काहींनी प्रथमेची चौकट कोरी सोडलेली असते, काहींनी रेघ ओढलेली असते. कोरी चौकट पाहून मला समजत नाही, की याला प्रत्यय नाही हे ठाऊक आहे, की हा लिहायचे विसरला, की वेळ संपला. रेघ पाहिली की समजते. तेव्हा कोऱ्या चौकटीला मी गुण देत नाही. रेघेला अर्धा गुण देतो.